मिरवणूक कोठे संपते?

आपल्याकडे नाटकाची समीक्षा होते, कवितेची होते, चित्रपटाचीही होते. मिरवणुकीची मात्र होत नाही. मिरवणूक झाली की तिचे वृत्त तेवढे येते. चित्ररथ किती होते, पाहुणे कोण होते, पहिले पारितोषिक कोणी पटकावले, हे वाचून वाचक पान उलटतो. वास्तविक मिरवणूक हाही एक रचलेला प्रयोगच असतो. तिला आरंभ असतो, गती असते, विराम असतात आणि शेवट असतो. पात्रे असतात, वेष असतात, ठरलेली वाट असते. जेथे रचना आहे तेथे घाट आहे, आणि जेथे घाट आहे तेथे औचित्याचा प्रश्न उपस्थित करण्याचा अधिकार समीक्षेला आहे. प्रस्तुत लेखात आम्ही हिवाळ्यातील एका मिरवणुकीचा या दृष्टीने विचार करू इच्छितो. ही मिरवणूक म्हणजे पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी पुरुषांची, लोकांच्या बोलीत तीन राजांची. निमित्त आहे ते कांदिवलीसारख्या उपनगरांतून नाताळच्या दिवसांत निघणाऱ्या शोभायात्रांचे. आमचे प्रतिपादन थोडक्यात असे की, मिरवणुकीचा कस तिच्या थाटावरून लागत नाही. ती कोठे संपते यावरून लागतो.

प्रथम मूळ कथेकडे वळू. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात ही कथा येते. बारकाईने वाचणाऱ्यास काही गोष्टी चकित करतात. तेथे या पाहुण्यांना राजे म्हटलेले नाही. ते तीन होते असेही सांगितलेले नाही. सोने, ऊद आणि गंधरस अशा भेटी तीन, म्हणून परंपरेने माणसेही तीन मानली. त्यांचे मुकुट स्तोत्रसंहितेतील बहात्तराव्या स्तोत्राच्या आधाराने आले, उंट यशयाच्या साठाव्या अध्यायातून आले, आणि कास्पर, मेल्खियोर, बाल्थासार ही नावे तर कित्येक शतकांनंतर रूढ झाली. म्हणजे आज आपण मिरवणुकीत जे जे डोळ्यांनी पाहतो, ते बहुतेक सारे नंतरच्या भाविक कल्पनेचे दान आहे. त्यात वावगे काहीच नाही. लोकपरंपरा कथेला वस्त्रे चढवते, आणि ती वस्त्रे पुष्कळदा सुंदर असतात.

परंतु शुभवर्तमानकाराने एक गोष्ट परंपरेवर सोडलेली नाही. ती म्हणजे प्रवासाचा आराखडा. तारा दिसतो, प्रवासी निघतात. राजा जन्मला असेल तर तो राजधानीतच असणार, अशा सरळ समजुतीने ते यरुशलेमला जातात आणि हेरोदाच्या दरबारात पोहोचतात. हा त्यांचा चुकलेला मुक्काम आहे. तेथून ते पुढे निघतात. तारा एका साध्या घरावर थांबतो. ते आत जातात, गुडघे टेकतात, भेटी अर्पण करतात आणि दुसऱ्या वाटेने मायदेशी परततात. कथा इतकी आटोपशीर आहे की तिच्यातून एकही टप्पा वगळता येत नाही. त्यातही दोन टप्पे समीक्षकाने विशेष ध्यानात ठेवावेत: राजवाड्यातला चुकलेला थांबा आणि घरातला खरा शेवट. पुढील सारी चर्चा या दोन ठिकाणांभोवती फिरणार आहे.

या कथेला मराठी ओवीचे रूप देणारे फादर थॉमस स्टीफन्स यांनी आपल्या आयुष्याची बरीच वर्षे गोव्याच्या सासष्टीत व्यतीत केली. त्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. योगायोग असा की, तीन राजांच्या मिरवणुकीचा जो प्रयोग आम्हांस सर्वांत घाटदार वाटतो, तोही त्याच जुन्या सासष्टीच्या भूमीवर होतो. हे गाव म्हणजे कासावली.

कासावली, आरोशी आणि कुएली ही शेजारशेजारची तीन गावे. सहा जानेवारीला प्रत्येक गावातून एकेक मुलगा राजा होतो. अंगात झगमगता झगा, डोक्यावर मुकुट, आणि खाली घोडा. तीन राजे तीन वेगवेगळ्या वाटांनी निघतात आणि कुएलीच्या टेकडीवरील रेमेदियुश मातेच्या कपेलाकडे चढतात. त्यांच्यामागून गावकरी चालतात. वर गेल्यावर मिस्सा होते आणि मग सणाला तोंड फुटते. चांदर येथे आणि बार्देशात वेरे येथील रेईस मागूश चर्चमध्येही हा सण असाच थाटाने पाळला जातो. रेईस मागूशचे मूळ चर्च तर १५५५ सालचे, आणि त्याच्या नावातच तीन राजे आहेत.

कासावलीच्या रचनेतील सौंदर्य कशात आहे? आमच्या मते ते तीन वाटांत आहे. एकाच रस्त्यावरून तीन राजे एकामागून एक नेले असते, तर पहिला कोण आणि शेवटचा कोण हा प्रश्न लगेच उभा राहिला असता. येथे तो प्रश्न रचनेनेच सोडवला आहे. प्रत्येक गाव आपल्या वाटेवर पहिलेच असते आणि टेकडीच्या माथ्यावर सर्व गावे सारखी होतात. शिवाय राजा शेजारचाच मुलगा असतो. काल जो शेतात चेंडूफळी खेळत होता, तो आज घोड्यावर आहे आणि उद्या पुन्हा शाळेत जाणार आहे. त्याच्या राजेपणाची मुदत एका दिवसाची आहे हे त्यालाही ठाऊक असते आणि पाहणाऱ्यांनाही. तिसरी गोष्ट चढणीची. सपाट रस्त्यावर मिरवणूक कोठेही थांबवता येते; टेकडी चढू लागलेल्या मिरवणुकीला माथ्यावर पोहोचावेच लागते. म्हणजे येथे भूगोलानेच शेवट निश्चित केला आहे.

गावच्या प्रथेविषयी भाबडेपणा मात्र नको. गोव्यातील अनेक गावांत उत्सवाचे मान पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक घराण्यांकडे चालत आले, आणि त्या मानापानावरून तंटेही झाले. खेड्यातले सारे निर्मळ आणि शहरातले सारे बाटलेले, अशी विभागणी करणारी समीक्षा आळशी म्हणावी लागेल. मुकुट कोणाच्या मुलाच्या डोक्यावर बसू शकतो, हा प्रश्न प्रत्येक गावाला विचारलाच पाहिजे. आम्ही येथे रचनेची स्तुती करतो आहोत, तिच्या आड लपू शकणाऱ्या अहंकाराची नव्हे.

गोव्यातच या रचनेच्या अगदी उलट टोकाचा प्रयोग पाहावयास मिळतो. उपवासकाळाच्या आधीचे कार्निव्हल हे जुने लोकपर्व. गावागावांत अंगणांतून रंगणारे खेळ हा त्याचा गाभा. चांदरचा मुसळ खेळ त्याच दिवसांतला. १९६५ सालापासून पणजीत या पर्वाला चित्ररथांच्या सरकारी शोभायात्रेचे रूप आले. मोमो राजा पुढे आणि त्यामागे सजवलेल्या मालमोटारींची रांग. पुढे त्यावर उत्पादनांच्या जाहिराती चढल्या, आणि धर्मसभेतून व समाजातून त्यावर टीकाही झाली. टीकेचा रोख बहुधा पोशाखांवर आणि धांगडधिंग्यावर असतो. आमचा आक्षेप निराळा आहे. कार्निव्हलला मुळात फार भेदक शेवट होता. तीन-चार दिवसांचा उलटासुलटा कारभार संपतो आणि राखेच्या बुधवारी तोच हसणारा माणूस कपाळाला राख लावून उभा राहतो. त्या शेवटामुळेच आधीच्या हसण्याला अर्थ होता. शोभायात्रेने हसणे ठेवले आणि राख वगळली. पर्यटक मंगळवारी निघून गेला, तरी त्याला काही चुकल्यासारखे वाटत नाही. घाट मोडला तो येथे.

मग दोष जाहिरातीचा, पैशाचा, पुढाऱ्यांच्या चेहऱ्यांचा नाही काय? या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी थोडे दूर, इटलीतील फ्लॉरेन्स शहरी जावे लागेल. पंधराव्या शतकात तेथे ज्ञानी पुरुषांच्या नावाचा एक भक्तसंघ होता. त्याच्या थाटाच्या मिरवणुका शहरातून निघत आणि मेदिची हे सावकार घराणे त्याचे आश्रयदाते होते. याच घराण्याने आपल्या वाड्यातील खाजगी प्रार्थनामंदिरात १४५९ साली बेनोझो गोझोली या चित्रकाराकडून भिंतींवर तीच मिरवणूक रंगवून घेतली. डोंगरवळणांतून उतरणारे घोडे, सोन्याचे साज, शिकारी कुत्रे, आणि राजांच्या लवाजम्यात खुद्द मेदिची कुटुंबातील मंडळी! चित्रकाराने आपला चेहराही गर्दीत घातला आणि तो ओळखू यावा म्हणून टोपीवर नाव लिहिले. आजच्या फ्लेक्स फलकावर हसणारे चेहरे पाहून आपण कपाळाला आठ्या घालतो. पण पैसा देणाऱ्याने मिरवणुकीत आपला चेहरा घुसवण्याची प्रथा साडेपाचशे वर्षांहून जुनी आहे.

तरीही ते चित्र थोर आहे, ते का? केवळ रंगांमुळे नव्हे. त्या भिंतींवरचे घोडेस्वार ज्या वेदीच्या दिशेने चालले आहेत, तिच्यावर फिलिप्पो लिप्पी याचे चित्र बसवलेले होते: गर्द रानात, उघड्या जमिनीवर ठेवलेले बाळ आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेली माता. मूळ चित्र आज बर्लिनमध्ये असून जागेवर त्याची प्रतिकृती आहे. तीन भिंतींवरचा एवढा डामडौल अखेर एका उघड्यावरच्या बाळापाशी येऊन थांबतो. सावकाराने आपला अहंकार मिरवणुकीत आणला खरा, पण तिचा शेवट स्वतःकडे वळवला नाही. यावरून आमच्या हाती एक कसोटी येते. मिरवणुकीत मिरवणे क्षम्य आहे. मिरवणाराच मिरवणुकीचा मुक्काम झाला, तर ते क्षम्य नाही.

ही कसोटी घेऊन आता कांदिवलीकडे येऊ. गोव्याची सासष्टी आणि मुंबईची साष्टी ही दोन्ही नावे सहासष्ट गावांच्या संख्येवरून आली असे मानतात. म्हणजे नावाने तरी आपण कासावलीच्या गोतातलेच. कांदिवलीही मुळात गावांचीच: पोयसर, चारकोप, आकुर्ली, वढवण. भातशेती, खाडीकाठ, गावठाणे आणि गावठाणांच्या तोंडाशी उभे क्रूस. पोर्तुगीज काळात मूळ रुजलेले पोयसरचे स्वर्गोन्नत मातेचे चर्च हे या भागातील जुने भक्तिस्थान. १९०७ साली रेल्वेचे स्थानक आले. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने चारकोपला भूखंडांची आखीव वसाहत झाली. आणि २०२२ पासून लिंक रोडच्या माथ्यावरून मेट्रो धावते आहे. गावांना जोडणाऱ्या पायवाटा या साऱ्यांत कोठे गेल्या, हे नव्याने राहावयास आलेल्यास सांगूनही उमजणार नाही. मूळच्या ईस्ट इंडियन कुटुंबांशेजारी आता वसईचे, गोव्याचे, मंगळूरचे, केरळचे आणि तामिळनाडूचे ख्रिस्ती राहतात. हा समाज एका वाटेवरून आलेला नाही. या अर्थाने कांदिवलीला तीनच काय, तीस वाटा आहेत.

अशा उपनगरांतून नाताळच्या आसपास जी शोभायात्रा निघते, तिचे सर्वसाधारण रूप वाचकांच्या परिचयाचे आहे. टेम्पोवर गोठ्याचा देखावा, दुसऱ्या टेम्पोवर कापसाचा बर्फ आणि लाल डगल्यातला सांताक्लॉज, पुढे ध्वनिक्षेपकांची भिंत, मागे टोप्या घातलेली मुले. तीन राजेही असतात. पण त्यांना चालावयाचे नसते. गोठ्याच्या देखाव्यातच ते आधीपासून उभे असतात. म्हणजे प्रवासी प्रवासाला निघण्यापूर्वीच पोहोचलेले! मिरवणूक चार चौकांतून फिरते, वाहतूक खोळंबते, पोलीस शिट्ट्या फुंकतात, आणि अखेर एका मैदानात किंवा शाळेच्या पटांगणात व्यासपीठापुढे ती विसर्जित होते. तेथे पाहुण्यांचे सत्कार होतात, भाषणे होतात आणि उत्कृष्ट देखाव्याचे बक्षीस दिले जाते.

यातील कापसाचा बर्फ हास्यास्पद आहे, हे खरे. जेथे डिसेंबरात दुपारी घामाच्या धारा लागतात तेथे बर्फ पाडणे म्हणजे उसन्या हिवाळ्यात राहणे होय. संत निकोलस हे मूळचे मिरा नगरीचे धर्माध्यक्ष. त्यांचा लाल डगल्यातला म्हातारा झाला, ही एक निराळीच करुण कहाणी आहे. तथापि या किरकोळ गोष्टींवर समीक्षेने आपली शक्ती खर्च करू नये. मुलांना कापूस आवडतो आणि कापसाने कोणाचे काही बिघडत नाही.

बिघडते ते शेवटी. शोभायात्रा व्यासपीठापाशी संपते, आणि व्यासपीठावर मान्यवर बसलेले असतात. शुभवर्तमानाच्या भाषेत बोलावयाचे, तर ही मिरवणूक यरुशलेमच्या दरबारातच थांबली. पुढे बेथलेहेमला गेलीच नाही. मूळ प्रवासीही तेथे थांबले होते. राजा राजवाड्यातच असणार असे त्यांनाही वाटले होते. त्यांचा मोठेपणा असा की त्यांनी तेथे वाट विचारली आणि ते बाहेर पडले. आपण तेथे वाट विचारत नाही, हार घालतो. व्यासपीठावरची माणसे हेरोद असतात असे आम्हांस मुळीच सुचवावयाचे नाही. ती बहुधा सद्भावनेने आलेली भली माणसे असतात. प्रश्न माणसांचा नाही, जागेचा आहे. ज्या कथेत सत्तेचे ठिकाण हा चुकलेला मुक्काम आहे, तिची मिरवणूक सत्तेच्या ठिकाणी संपवणे हा औचित्यभंग आहे, मग खुर्चीवर कोणीही असो.

बक्षिसाविषयीही हेच म्हणावे लागेल. भेटी अर्पण करण्याच्या कथेची मिरवणूक भेट घेण्यात संपावी, हा विरोधाभास आयोजकांच्या ध्यानात येऊ नये याचे नवल वाटते. ज्ञानी पुरुष रिकाम्या हातांनी परतले. त्यांच्या परतीच्या वाटेला जी शांतता आहे, ती या रिकाम्या हातांची आहे.

येथे काही आक्षेप संभवतात, आणि ते वजनदार आहेत. पहिला आक्षेप असा की, अल्पसंख्य समाजाला वर्षातून एकदा तरी रस्त्यावर दिसण्याची गरज असते. गणेशोत्सवाला, नवरात्राला, मोहरमला रस्ता मिळतो. मग नाताळला का नको? हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. रस्ता हा शहराचा सामाईक दिवाणखाना आहे आणि त्यात प्रत्येकाची पावले उमटली पाहिजेत. पण दिसणे आणि दाखवणे यांत अंतर आहे. याबाबतीत मराठी माणसाला दूर जाण्याची गरज नाही. पंढरीची वारी आपल्या डोळ्यांसमोर आहे. आषाढीच्या वाटेवर दिंड्या रथापुढे आणि रथामागे आपापल्या क्रमांकाने चालतात. क्रम परंपरेने ठरलेला असतो, आणि प्रेक्षक म्हणून आलेला माणूस चार पावले चालून कधी वारकरी होतो ते त्यालाही कळत नाही. महाराष्ट्रात वारीइतके दिसणारे दुसरे काय आहे? तरी ती कोणाला दाखवण्यासाठी निघत नाही. तिला पंढरपूर आहे, म्हणून तिला प्रेक्षकांची गरज नाही.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. कासावलीला टेकडी आहे, तीन गावे आहेत, मोकळ्या वाटा आहेत. कांदिवलीत काय आहे? घोडा आणावा तर तो वाहनांच्या भोंग्यांनी बुजणार. परवानग्या काढाव्यात तर हेलपाटे. एकेका इमारतीत एकदोन ख्रिस्ती कुटुंबे, बाकी शेजार निरनिराळ्या धर्मांचा. अशा ठिकाणी खेड्यातल्या मिरवणुकीची नक्कल करून काय साधणार? अगदी खरे. नक्कल करूही नये. आम्ही कासावलीकडून घोडे मागत नाही, शेवट मागतो. आणि उपनगराला साजेल असा शेवट शोधताना जगाच्या अनुभवाची मदत होते.

स्पेनमधील आल्कोय या गावी पाच जानेवारीच्या रात्री राजांची स्वारी निघते. ही प्रथा एकोणिसाव्या शतकापासून चालत आली आहे. तेथे राजांचे सेवक लाकडी शिड्या घेऊन चालतात, त्या घरांना लावतात, आणि वरच्या मजल्यांच्या सज्जांतून मुलांच्या भेटी पोहोचवतात. म्हणजे मिरवणूक रस्त्यावरून जाते, पण संपते ती एकेका खिडकीत. जर्मनीत, जेथे कोलोन शहराच्या महामंदिरात ११६४ पासून ज्ञानी पुरुषांचे अवशेष म्हणून मानलेल्या अस्थी जतन केल्या आहेत, तेथे मुलामुलींचे छोटे गट मुकुट घालून आणि काठीवर तारा घेऊन घरोघर गात जातात. दारावर खडूने वर्षाचा अंक आणि तीन आद्याक्षरे लिहितात. ती तीन राजांची आद्याक्षरे, आणि या घराला ख्रिस्त आशीर्वाद देवो अशा लॅटिन वाक्याचीही. १९५९ पासून या मुलांनी गोळा केलेले पैसे जगभरातील गरजू मुलांसाठी पाठवण्याचा उपक्रम देशव्यापी झाला. या मिरवणुकीला एक शेवट नाही. जितकी दारे तितके शेवट आहेत.

हे वाचताना वाचकांच्या मनात आपल्याच एका प्रथेची आठवण जागी झाली असेल. आगमनकाळात आपल्या धर्मग्रामांतील छोटे ख्रिस्ती समूह नाताळगीते गात घरोघर जातात, ती आपल्या उपनगरांची खरी हिवाळी मिरवणूक होय. तिला ध्वनिक्षेपक नसतो, फार तर एखादी गिटार किंवा घुमट. तिला परवानगी लागत नाही. ती जिन्याने वर चढते. टेकडी नसेल, पण चौथ्या मजल्यापर्यंतची चढण आहे. उद्वाहन बंद असेल तर ती चांगलीच जाणवते. आणि वर दार उघडते तेव्हा आत पुष्कळदा एकटे वृद्ध जोडपे असते, किंवा मुले परदेशी गेलेली एखादी आजी, किंवा नुकताच कोणीतरी गेलेले घर. ज्या घरावर तारा थांबावा असे घर याहून वेगळे कोणते असणार?

परंतु या फेरीचीही परखड समीक्षा झाली पाहिजे. कारण जे आपले आहे त्याचीच अधिक करावयाची असते. अलीकडे ही फेरी घाईची होऊ लागली आहे. एका संध्याकाळी तीस घरे उरकावयाची असतात. एका घरी दोन गीते, एक छायाचित्र, दानपेटी पुढे, की चालले पुढच्या दारी. गीतेही बहुधा इंग्रजी, बर्फाची आणि घसरगाडीच्या घंटांची. मराठीत, कोंकणीत, ईस्ट इंडियन बोलीत बाळ येशूची गाणी असूनही. ज्या घरात आजी मराठीतून प्रार्थना करते, तेथे तिच्यासमोर तिला न कळणाऱ्या भाषेत गाऊन निघून जाणे म्हणजे दारापर्यंत पोहोचून घरात न शिरणे होय. मूळ कथेतील प्रवासी घरात शिरले. एवढा लांबचा प्रवास करून आलेल्यांना घाई नव्हती. दानपेटीचाही विचार करावा. गोळा झालेला पैसा कोठे जातो हे सांगितले गेले, तर घेणे हेही देण्याच्या कथेचा भाग होते. न सांगितले, तर ती केवळ वर्गणी उरते.

याशिवाय एक प्रश्न उरतो तो दाराबाहेरच्यांचा. फेरी ख्रिस्ती दारांपुरतीच राहिली, तर मग प्रकटीकरणाच्या सणाला अर्थ काय? या सणाचे सार असे आहे की, पहिले पाहुणे परके होते. ते त्या देशाचे नव्हते, त्या धर्माचे नव्हते, आकाश वाचणारे पूर्वेकडचे लोक होते. आपण स्वतःला कथेतील घरवाले समजतो. वस्तुतः आपण पूर्वेकडचे लोक, आपला मान पाहुण्यांचा आहे. म्हणून शेजारच्या दारी तिळगुळासारखी नाताळची करंजी आणि एक गीत घेऊन जाण्यात आपण कोणावर उपकार करत नाही. कथेतील आपली जागा ओळखतो, इतकेच. जिन्यावरच्या मिरवणुकीला हे सहज शक्य आहे. रस्त्यावरच्या टेम्पोला ते कधीही शक्य नाही, कारण टेम्पोवरून कोणाच्या दारात उतरता येत नाही.

तर मग शोभायात्रा बंदच करावी काय? आम्ही तसे म्हणत नाही. ज्या मुलाला वर्षातून एकदा मुकुट घालून रस्त्यावरून जाण्याचा आनंद मिळतो, त्याचा मुकुट काढून घेण्याचे पाप समीक्षेने करू नये. आमची सूचना घाटापुरती आहे. राजांना गोठ्याच्या देखाव्यात आधीच उभे करू नये. त्यांना चालू द्यावे. गावठाणातून एक, आखीव वसाहतीतून एक, रेल्वेपलीकडच्या संकुलांतून एक, असे ते निरनिराळ्या वाटांनी यावेत, म्हणजे उपनगराच्या विखुरलेपणाचाच घाट बनेल. दरवर्षी राजा निराळ्या घरचा असावा. कधी भाड्याच्या खोलीतला, कधी परप्रांतातून आलेल्या कुटुंबातला, आणि कधी तो मुलगी असल्यास आकाश कोसळणार नाही. व्यासपीठ हवेच असेल तर ते वाटेत असावे. मिरवणुकीने तेथे थांबावे, नमस्कार करावा आणि पुढे जावे. मूळ कथेत दरबाराला एवढीच जागा आहे. शेवट मात्र बाळापाशी व्हावा, आणि भेटी ज्याला गरज आहे त्याच्या घरी जाव्यात.

हे आदर्श फार दूरचे नाहीत. बोरिवलीच्या धक्क्यावरून बोट घेऊन खाडी ओलांडली की गोराई येते, आणि तेथील जुने चर्च ज्ञानी पुरुषांच्याच नावाचे आहे. मुंबईच्या वेशीवर, मासेमारी आणि शेतीवाडी करणाऱ्या गावात, तीन राजे आपल्या कितीतरी आधी येऊन राहिलेले आहेत. गोराईला जाणारी गर्दी बहुधा समुद्रकिनाऱ्याकडे वळते. सुटीत तिकडे जाणाऱ्या कांदिवलीकरांनी एकदा त्या चर्चच्या दाराशी थांबून त्याचे नाव नीट वाचावे, एवढीच विनंती.

समीक्षेचे काम निवाडा देण्याचे आहे, म्हणून तो देऊन थांबतो. कासावलीची मिरवणूक श्रेष्ठ आहे, कारण तिच्या रचनेत समता आहे आणि तिला माथा आहे. फ्लॉरेन्सची भिंत अहंकारी असूनही थोर आहे, कारण तिने आपला अहंकार बाळापाशी नेऊन ठेवला. पणजीची शोभायात्रा रंगीत आहे, पण तिने स्वतःचा शेवट हरवला आहे. आपल्या उपनगरांतील टेम्पोंची रांग अजून कच्ची आहे, परंतु सुधारण्याजोगी आहे. आणि जिन्यावरून चढणारी नाताळगीतांची फेरी, तिच्या सर्व घाईगडबडीसह, तिच्याहून सरस आहे. येत्या डिसेंबरात वृत्त लिहिणाऱ्यांनी चित्ररथांची संख्या खुशाल द्यावी. त्याबरोबर मिरवणूक अखेर कोणाच्या दारी पोहोचली, हेही एका ओळीत लिहावे.